खालच्या दोन मुदी

वीरबाबाचा शेंदूर निघाला तेव्हा तिथं पहिली पोचली ती वृषाली, आणि पुढं तेच तिच्या अंगाशी आलं.

आरोहीला अंगणवाडीत सोडून ती परत येत होती. उरवड्याच्या कारखान्यांकडे जाणारे डंपर हल्ली रिह्याच्या खोऱ्यातल्या आडरस्त्यानं घुसतात. त्यातल्याच एकाचा मागचा कोपरा गावच्या शिवेवरच्या ओट्याला लागला होता. डंपर थांबलासुद्धा नव्हता. ओट्याचे चिरे ढळले होते आणि बाबाच्या अंगावरचा शेंदूर, पिढ्यान्‌पिढ्या तेलात कालवून थापलेला, चार बोटं जाड, करवंटीसारखा तडकून पुढ्यात पडला होता.

आत देव नव्हता. आत पांढऱ्या संगमरवराची पाटी होती आणि तिच्यावर इंग्रजी अक्षरं कोरलेली होती. वृषालीनं पदरानं तेल पुसून ती वाचली. या गावातून इतकी इतकी माणसं महायुद्धावर गेली, एकोणीसशे चौदा ते एकोणीस, आणि त्यांपैकी सात जणांनी प्राण दिले. बस, एवढंच. नाव एकाचंही नव्हतं.

वृषालीनं इतिहास घेऊन बी.ए. केलं होतं. पहिल्या महायुद्धाची कारणं तिनं पाठ केली होती, कुठल्या तरी राजपुत्राच्या खुनापासून. ते युद्ध आपल्या भाताच्या खाचरापर्यंत आलं होतं, हे मात्र कुठल्या गाइडात नव्हतं. पण त्या क्षणी तिला इतिहास सुचला नाही. तिच्या मनात आलं ते एवढंच, की या दगडावर मी माझं लेकरू घातलंय.

आरोही सातव्या महिन्यात झाली होती. काचेच्या पेटीतून घरी आली तेव्हा ओंजळीत मावेल एवढी होती, आणि तिचा श्वास चालू आहे का हे बघायला वृषाली तिच्या नाकाशी बोट धरून बसायची. सव्वा महिना झाल्यावर सासूबाईंनी, प्रभावतीबाईंनी, बाळाला इथं आणलं. गावातलं प्रत्येक मूल सव्वा महिन्यानं वीरबाबाच्या पायावर घालतात. घालताना आजीनं म्हणायचं असतं, ‘घरचं घरी राहू दे.’ वृषाली तेव्हा मनात हसली होती. मग सासूबाईंनी पोर उचलून तिच्या हातात दिली, आणि तिला वाटलं, श्वास जरा खोल लागतोय. तेव्हापासून तिची एकही अमावस्या चुकली नव्हती.

अमावस्येला बाबाला दहीभाताच्या सात मुदी असतात. पाच वर, ओट्यावर, बाबासमोर. दोन खाली, ओट्यापासून हातभर लांब, मातीत. वरच्या बाबाच्या, खालच्या बाबाच्या कुत्र्यांच्या. असंच सगळ्या म्हणायच्या. आरोही बोलू लागली तशी वृषालीनं तिलाही शिकवलं होतं, ‘हा बाबाचा, हा भूभूचा.’ आरोहीला भूभूचा घास ठेवायला फार आवडायचं.

दुपारपर्यंत अख्खं गाव शिवेवर जमलं. म्हाताऱ्या बायांनी पाटीवर ओलं फडकं टाकलं, उघड्या अंगाच्या माणसावर टाकावं तसं. वृषालीनं काय वाचलं ते तिला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी तिच्याकडे असं बघायचं, जणू शेंदूर तिनंच खरवडून काढलाय.

मग वाद सुरू झाले. आठवडाभर चावडीत, दूध डेअरीत, भूगावला जाणाऱ्या सहा आसनी रिक्षात दुसरा विषय नव्हता.

तिचे सासरे सोमनाथ फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेले. गाव त्यांना हवालदारच म्हणे. त्यांना पाटी दिसली आणि म्हातारा वयानं दहा वर्षं मागं गेला. त्यांचं म्हणणं, हे स्मारक आहे, त्याचा मान ठेवा. शेंदूर पुन्हा लागता कामा नये. चौथरा बांधू, ग्रॅनाइट लावू, सातही नावं कोरू, सव्वीस जानेवारीला झेंडा इथं फडकवू. स्वतःच्या पणज्याचा भाऊ इराकातल्या बसऱ्याकडे गेला आणि आला नाही, हे त्यांनी लहानपणी ऐकलं होतं. गावातल्या जुन्या घरांत फिरून त्यांनी अशी पाच नावं जमवली. पाचही त्यांच्या भावकीतली.

अतुल, वृषालीचा चुलत दीर, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा, उलट्या टोकाला होता. तो म्हणे, गुलाम करून ठेवलेल्या राजासाठी मेलेल्यांचा कसला मान. पगारासाठी गेले, दुसऱ्याच्या देशात दुसऱ्याच्या माणसांवर गोळ्या झाडल्या. उद्या कुणी विचारलं, कशासाठी लढले, तर काय सांगायचं. काढा ती पाटी, द्या एखाद्या संग्रहालयाला.

हवालदार एरवी पुतण्यावर खेकसले असते. या वेळी शांतपणे म्हणाले, “शिपायाला कशासाठी ते कोण सांगतंय का रं? मला बी कोनी सांगितलं न्हवतं. बाजूचा पडला की आपून त्याचं नाव घ्यायचं, एवढंच आपल्या हातात असतंय.”

बायकांचा पक्ष तिसरा होता आणि त्याला सभेत खुर्ची नव्हती. त्यांना त्यांचा बाबा परत हवा होता. खालच्या आळीतल्या जान्हवीला दिवस गेले होते. ती रोज येऊन विचारायची, आता बाळ कुठं घालायचं.

आणि त्याच आठवड्यात आरोहीला ताप भरला. साधा असेल, हवा बदलतेय, पिरंगुटचे डॉक्टर म्हणाले. औषधं दिली. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा, आणि छातीतून मांजराच्या पिलासारखी घुरघुर यायची. मीठमोहऱ्या ओवाळताना प्रभावतीबाईंची नजर एकदा वृषालीच्या पदरावर गेली. तेलाचा डाग अजून निघाला नव्हता.

रविवारी सकाळी शाळेच्या पडवीत सभा ठरली होती. नेमकी अमावस्या होती. वृषाली पहाटेच उठून आंबेमोहर शिजवून बसली. पाटी असो की देव, तिची अमावस्या चुकणार नव्हती. पोरीला ताप असताना तर नाहीच. वाटीला पाणी लावून तिनं मुदी पाडायला सुरुवात केली. पाच पाडल्या, ताटाच्या एका बाजूला ठेवल्या. मग दोन, दुसऱ्या बाजूला. हात सवयीनं चालला होता.

आणि ती ताटाकडे बघत राहिली.

पाटीवर सात. ताटात सात. हवालदारांना नावं मिळाली होती पाच. उरलेल्या दोघांसाठी आठवडाभर दोन आळ्या भांडत होत्या, दोघीही म्हणत होत्या आमचे, आणि दोघींनाही धड काही आठवत नव्हतं. त्या भांडणात रंभाबाईंना मात्र कुणी विचारलं नव्हतं. बुद्धविहाराजवळच्या वस्तीतल्या रंभाबाई मंगळवारी चावडीसमोर थांबून म्हणाल्या होत्या, आमचे बी दोगं गेलते. कुणीतरी हसून म्हणालं होतं, मावशे, आता समद्यांचेच जातील.

“आई,” वृषालीनं विचारलं, “या दोन खाली का ठेवतात?”

प्रभावतीबाई चुलीशी होत्या. “कुत्र्यांच्या. तुला ठावं न्हाई व्हय?”

“कुठली कुत्री? बाबाबरोबर कुत्री आहेत असं कुणी पाहिलंय? चित्रात, देव्हाऱ्यातल्या टाकावर, कुठं तरी?”

“माझ्या सासूनं सांगितलं तसं मी सांगितलं.” त्या थांबल्या. ताटाकडे बघितलं. वर पाच, खाली दोन. त्यांनी शाळा चौथीपर्यंतच पाहिली होती, पण मोजता येत होतं. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला ते वृषालीनं पाहिलं. मग त्यांनी ताटावर फडकं टाकलं.

“सभेत बोलू नगंस,” त्या म्हणाल्या. “त्या म्हातारीच्या तोंडावर कसं सांगशील, की तुमच्या मानसांला आमी कुत्री म्हनत आलो? आन सांगितलंस तर मंग बाबा ऱ्हात न्हाई, नुसता दगड ऱ्हातुया. पोरगी तापलीया, वृषाली. लेकराची आई हायेस तू. बघ बाई.”

याचंच तिला भय होतं. शिकलेली होती म्हणून भय कमी नव्हतं. उलट त्याची लाज वाटायची ते वेगळंच. आत आरोही झोपेत घुरघुरत होती. शिवेवर बाबा आहे तोवर काहीतरी तिच्या आणि बाहेरच्या सगळ्याच्या मध्ये उभं आहे, असं वृषालीला वाटे. ते आपल्याच तोंडानं पुसून टाकायचं होतं.

सभेत बायका मागं, पडवीच्या खांबांशी बसल्या. वृषाली आरोहीला मांडीवर घेऊन बसली. निरंजन, तिचा नवरा, पहिल्या पाळीला गेला होता. तो असता तर त्यानं आपल्याला खुणेनं गप्प बसवलं असतं, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

हवालदारांनी पाच नावं वाचली. प्रत्येक नावानंतर ते थोडं थांबत, हजेरी घ्यावी तसं. उरलेल्या दोन जागांवरून पुन्हा गलका झाला. अतुलनं त्यात तेल ओतलं, म्हणाला, चिठ्ठ्या टाका, नाहीतरी इंग्रजांना कोण मेलं याच्याशी देणंघेणं नव्हतं. तेवढ्यात रंभाबाई उठल्या. काठी टेकत पुढं आल्या आणि खुर्ची पुढं सरकवलेली असूनही उभ्याच राहिल्या.

त्यांनी सांगितलं ते त्यांच्या आजेसासूनं त्यांना सांगितलं होतं. दोघे सख्खे भाऊ. लढायला नाही, खेचरं हाकायला नेले होते, बसऱ्याच्या अंगाला. गेले कारण फौजेत बूट मिळायचे. गावातून जाताना पायताण हातात घ्यावं लागायचं तो काळ. थोरला आईला म्हणाला होता, येताना बूट घालूनच शिवेतून आत येईन, बघू कोण काढायला लावतंय. ते आले नाहीत. पाटी आली. आई बघायला गेली आणि विचारलं, यात माझे कुठले. कुणीतरी लांबून सांगितलं, नावं नाहीत, आकडा आहे, तुझे आकड्यात आहेत. ती अमावस्येला भात घेऊन जायची. वर चढू देत नसत. ती खाली ठेवायची.

“कशावरून, रंभाबाई?” हवालदार म्हणाले. आवाजात उर्मटपणा नव्हता. “मी खोटं म्हनत न्हाई तुमाला. पन ही दोन्ही आळीची मानसं बी असंच सांगत्यात. दगडावर कोरायचं म्हंजी काय तरी आधार लागतुया. आन खेचरं हाकनारा शिपाई कसा म्हनायचा, ते येगळंच.”

“आधार काय असनार हवालदार? त्यांची हाडं बी आमाला न्हाई मिळाली.”

रंभाबाई काठी फिरवून परत निघाल्या. त्यांच्या चपला पडवीच्या पायरीखाली काढलेल्या होत्या. त्या शोधताना त्यांचा पाय चाचपडला. वृषालीच्या मांडीवर आरोहीचा गरम श्वास तिच्या मनगटाला लागत होता.

“आधार आहे,” वृषाली म्हणाली.

सगळ्या माना वळल्या. हवालदारांनी सुनेकडे बघितलं, आणि एवढ्या लोकांत तिचा आवाज त्यांनी पहिल्यांदाच ऐकला असावा. तिनं सासूबाईंकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बोलली नसती. ती सासऱ्यांना म्हणाली,

“अण्णा, अमावस्येला आम्ही मुदी किती ठेवतो, इथल्या कुठल्याही बाईला विचारा. सात. वर पाच, खाली दोन. वरच्या पाच तुमच्या. खालच्या दोन त्यांच्या आहेत.” तिनं आरोहीला मांडीवर सावरलं. “आपण त्या कुत्र्यांच्या म्हणतो. पण ती माणसं होती. त्यांची आई गेली, मग कुणीतरी आपल्यातलीच बाई तिच्या माघारी ठेवत राहिली असेल. तिचा मुलगाही त्याच दगडात होता. तिला माहीत असेल. मग पुढच्या बायकांना कारण कुणी सांगितलं नाही, आणि आम्ही… आम्ही काहीतरी कारण लावलं.”

बायकांतून कुणी नाही म्हटलं नाही. जान्हवीनं तोंडावर पदर घेतला. पुरुष आपापल्या घरच्या बायकांकडे बघू लागले, आणि त्या खाली बघत राहिल्या. तेच उत्तर होतं. मग मागून प्रभावतीबाईंचा आवाज आला. त्या उठल्या नव्हत्या.

“खरं हाय. दोन खालीच असत्यात. माझी सासू ठिवायची, तिची सासू ठिवायची.”

रंभाबाई पायरीवरच थांबल्या होत्या. त्यांनी वृषालीला जवळ बोलावलं नाही, त्याच माघारी आल्या आणि तिच्यासमोर काठी धरून हळूच खाली बसल्या.

“तू बी ठिवत्येस का गं?”

“हो. दर अमावस्येला. आजही ठेवणार होते.”

“कुत्र्यांच्या म्हनून.”

वृषालीनं नुसती मान हलवली, आणि तिचे डोळे भरून आले. रंभाबाईंनी आरोहीच्या कपाळावर हात ठेवला. ताप बघत होत्या की दुसरंच काही, कळलं नाही.

“आमी धम्म घेतला, देव सोडलं,” त्या म्हणाल्या. “दगडाला जानं बी सोडलं. मला वाटायचं, आता त्यांला घास कोन दील. आन हितं तुमी कुत्री म्हनून का हुईना, शंबर वर्सं चारत व्हता.” त्या हसल्या नाहीत, रडल्याही नाहीत. “हासावं का रडावं, सांग मला.”

हवालदार खुर्चीवरून उठून पुढं आले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, खेचरं हाकताना मेला तरी फौजेतच मेला, मी मघाशी चुकीचं बोललो. नावं सांगा रंभाबाई, दोन्ही कोरतो. सगळ्यांसमोर सांगतो, आमच्या पाचांच्या बरोबरीनं.

म्हातारीनं जमिनीकडे बघितलं. ओठ हलले, जणू लांबून कुणाला हाक मारत होत्या.

“थोरला आन धाकटा,” त्या म्हणाल्या. “आजेसासू एवढंच म्हनायची. तिच्या सासूचे ल्योक ना ते. नावं घेतली की तिच्या सासूला रडू यायचं, मंग कोनी नावं घ्यायचं न्हाई. तशीच गेली ती.”

हवालदारांच्या हातात कागद होता. त्यावर पाच ओळी भरलेल्या आणि दोन रिकाम्या. त्यांनी पेनाचं टोपण काढलं होतं, ते परत लावलं.

पुढं सगळं रीतसर झालं. भूगावच्या एका बिल्डरनं ग्रॅनाइट दिलं. रस्ता रुंद होणार म्हणून ओटा मागं सरकवून उंच केला, पाटी घासून पांढरीफेक केली, आणि पुन्हा कुणी शेंदूर लावू नये म्हणून भोवती स्टीलचे गज आणि कुलूप आलं. ग्रॅनाइटवर पाच नावं आली. त्याखाली काय लिहायचं यावर कमिटीत आणखी एक वाद झाला. अतुल, ज्यानं पाटी काढून टाका म्हटलं होतं, तोच या वेळी अडून बसला, की ‘गावचे दोन भाऊ’ असं तरी लिहा. हवालदारही त्याच्या बाजूनं होते. पण कमिटी म्हणाली, कुणाचे भाऊ ते सिद्ध झालेलं नाही, उद्या पुन्हा दोन आळ्या उठतील. शेवटी ‘व इतर दोन’ एवढं कोरलं गेलं. हवालदार उद्घाटनाला गणवेशाची पदकं लावून गेले आणि जेवायला न थांबता घरी आले. त्या दिवशी त्यांनी सुनेला चहा मागितला आणि कप हातात घेऊन म्हणाले, आमच्यात नाव पुकारलं आणि ओ आली नाही तर गैरहजर लावतात. या दोघांना पुकारताच आलं नाही. कप तसाच निवून गेला.

आरोहीचा ताप केव्हाच उतरला होता, डॉक्टरांच्या औषधानं. तरी खोकली की वृषालीचा हात तिच्या छातीवर जाई. जान्हवीला मुलगा झाला. सव्वा महिना झाला तेव्हा तिची सासू बाळ घेऊन शिवेवर आली, कुलपाशी थोडी घुटमळली, गजांना बाळाचं डोकं टेकवून परत गेली. ‘घरचं घरी राहू दे,’ असं तिनं म्हटलं की नाही, ते लांबून वृषालीला कळलं नाही. ते शब्द पहिल्यांदा कुठल्या आयांनी म्हटले असतील, हे मात्र तिला आता ठाऊक होतं. आणि कशासाठी, तेही.

त्यानंतरच्या अमावस्येला वृषाली ताट घेऊन गेली. सोबत आरोही. प्रभावतीबाई म्हणाल्या होत्या, मी नाही येत, गुडघे दुखतात. पण भात त्यांनीच शिजवला होता, आणि मुदी पाडताना पाच आणि दोन यांच्या मधे जागा सोडली नव्हती.

गजांतून हात आत जात नव्हता. ओटा आता खांद्याइतका उंच होता. वृषाली थोडा वेळ उभी राहिली, मग खाली बसली आणि सातही मुदी गजांच्या बाहेर मातीत, एका ओळीत ठेवल्या. डंपर धूळ उडवत गेला. तिनं पदर धरून ओळीला आडोसा केला.

आरोही वाकून बघत होती. “यातला भूभूचा कुठला?”

“भूभूचा नाही गं. भूभू नव्हतेच कधी.”

“मग कोणाचा?”

“दोन दादा होते. खूप लांब गेले होते. त्यांना बूट घालून घरी यायचं होतं.”

आरोहीनं आपल्या चपलांकडे बघितलं. अंगणवाडीत तिला नुकतंच शिकवलं होतं, कुणी नवं आलं की आधी काय विचारायचं ते.

“दादांचं नाव काय?”

वृषालीनं ओळीतल्या शेवटच्या मुदीची ढळलेली शितं बोटानं सावरली. पोर उत्तराची वाट बघत तिच्या खांद्याला टेकून उभी राहिली.